चौदा डबे आणि एजंटांसाठीचा कागद

भीमरत्नच्या घरचा कॉम्प्युटर मंगळवारी सकाळी बंद पडला, आणि शेजारच्या चंद्रप्पांना ते मंगळवारी सकाळीच कळलं. कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. निपाणीच्या त्या गल्लीत कुणाचा मिक्सर जळो, कुणाची कूपनलिका आटो, चंद्रप्पा चहाच्या वेळेला हजर असत. खताचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून सल्ला देणं हाच त्यांचा पूर्णवेळचा उद्योग झाला होता.

"हितं कुणाला दाखवू नगंस," खुर्ची ओढून घेत ते म्हणाले. "हितले खोलत्यात, आन् परत लावताना चार स्क्रू उरत्यात. बेळगावात आमचा जिनेंद्र हाय. माझ्या मेव्हणीचा जावई. आपला माणूस."

भीमरत्न एका सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकून होता. 'आपला माणूस' हे शब्द कानावर आले की तो आपोआप सावध होत असे, कारण कचेरीत अपुरी कागदपत्रं घेऊन येणारा प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा आपला माणूसच असतो. पण या वेळी त्याचा नाइलाज होता. त्या डब्यात तानीबाई होती.

तानीबाई म्हणजे त्याची आई. वय ब्याऐंशी, दात सात, आवाज शाबूत. तंबाखूच्या वखारीत तिनं तीस वर्षं काम केलं होतं. दोन हिवाळे, दर रविवारी, ती कॉटवर बसून आपल्या आठवणी सांगायची आणि भीमरत्न समोर बसून टाइप करायचा. एकशे बेचाळीस पानं झाली होती. याची दुसरी प्रत ठेवा, असं त्याच्या मुलीनं, बंगळूरच्या सोनमनं, निदान सात वेळा सांगितलं होतं. प्रत्येक वेळी तो "करतो" म्हणाला होता. सरकारी कचेरीतल्या "करतो"चा अर्थ त्याला सोडून दुसऱ्या कुणाला जास्त ठाऊक असणार?

बुधवारी त्यानं किरकोळ रजा टाकली. बायकोनं, शाळेत नोकरीला असलेल्या उपासनानं, डबा जुन्या साडीत गुंडाळून दिला. तो मांडीवर घेऊन भीमरत्न बेळगावच्या बसमध्ये बसला. संकेश्वरला चढलेल्या एका म्हातारीनं त्या साडीकडे बघून हात जोडले आणि "कुठल्या गावात बसवणार देव?" असं विचारलं. हा कॉम्प्युटर आहे, असं सांगितल्यावरही तिनं हात सोडले नाहीत. "असू दे," ती म्हणाली, "आता त्येचंच राज्य हाय."

जिनेंद्रचं दुकान बेळगावच्या वडगावात होतं. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांची खडखड चाललेली, आणि मध्ये जिनेंद्र स्वतः इतका शांत, की एखाद्याला वाटावं याला ऐकू येत नसावं. त्यानं डबा खोलला, वास घेतला आणि म्हणाला, "पॉवर सप्लाय गेलाय सर. बाकी काय न्हाय. शुक्रवारी होतंय." मग एका चिठ्ठीवर 'निपाणी' लिहून ती डब्यावर चिकटवली.

"पावती?" भीमरत्ननं विचारलं.

"चंद्रप्पा आप्पांच्या वळखीचं म्हटल्यावर पावती कशाला सर?"

आणि ज्या भीमरत्ननं पावती नाही म्हणून हजारो माणसांना उन्हातून परत पाठवलं होतं, तो पावती न घेता बसमध्ये बसून निपाणीला आला. पुढं जे झालं त्याचा दोष तो जिनेंद्रला देतो, चंद्रप्पांना देतो, मनातल्या मनात उपासनालाही देतो. पण आंघोळीच्या वेळी एकटा असताना त्याला हीच पावती आठवते.

शुक्रवारी दुपारी जिनेंद्रचा फोन आला. "काम झालंय सर. जरा येऊन जावा. एक गंमत झालीया."

दुरुस्ती करणारा माणूस 'गंमत' म्हणतो तेव्हा ती गिऱ्हाइकाची नसते, एवढं भीमरत्नला कळत होतं. शनिवार सुट्टीचा होता. सकाळच्या बसनं तो वडगावात पोचला. दुकानाला ताजा पिवळा रंग लागला होता आणि भिंतीकडेला एका रांगेत चौदा काळे डबे मांडलेले होते. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच वयाचे.

घडलं होतं ते असं. एका कॉलेजानं आपली जुनी लॅब मोडली आणि तिच्यातले तेरा डबे जिनेंद्रकडे पाठवले. तपासायचे, दुरुस्त करायचे, आतली सगळी माहिती कायमची पुसायची, मग ते खेड्यांतल्या शाळांना जाणार. गुरुवारी दुकानात रंगारी आले. ते कामाला चोख निघाले. सगळे डबे त्यांनी बाहेर काढले, चिठ्ठ्या सोलून टाकल्या, प्रत्येक डबा ओल्या फडक्यानं पुसला आणि रंग वाळल्यावर ओळीनं आत लावला.

"तुमचा वळखीलच की सर तुम्हाला," जिनेंद्र म्हणाला.

भीमरत्नलाही तसंच वाटत होतं. नऊ वर्षं ज्याच्यासमोर बसलो तो ओळखू येणार नाही? तो रांगेपुढून हळूहळू चालत गेला. चौथ्या डब्यापाशी थांबून त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हाच," तो ठामपणे म्हणाला. मग सातव्याकडे बघून त्याला तोच जास्त आपला वाटला. बाराव्याशी पोचल्यावर त्याला तोही आपलाच वाटू लागला. जिनेंद्र समजुतीच्या सुरात म्हणाला, "कुठलाबी एक न्या सर. सगळे सारखेच हाईत. उलट कॉलेजचे जरा कमी वापरलेले."

"अरे, आत माझी आई आहे!" भीमरत्न ओरडला. मागांची खडखड होती म्हणून बरं, नाहीतर गल्ली गोळा झाली असती.

"मग एकेक चालू करून बघू," म्हणत जिनेंद्रनं पहिल्या डब्याच्या बटणाकडे बोट नेलं, आणि दारातून आवाज आला, "हात लावू नका."

दारात कॉलेजच्या अधीक्षक अनुराधा मॅडम उभ्या होत्या. काखेत साठ्याचं रजिस्टर, नाकावर चष्मा. त्या डबे मोजायला आल्या होत्या. भीमरत्नची सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "यांच्यात मुलांचे मार्क आहेत, प्रश्नपत्रिका आहेत. पुसून होईपर्यंत बाहेरच्या माणसानं आतलं काही बघायचं नाही. ते चालत नाही बघा."

"पण त्यातला एक माझा आहे मॅडम."

"आहे ना. कुठला?"

भीमरत्ननं पुन्हा एकदा रांगेकडं बघितलं.

"कुठला ते ठरेपर्यंत," मॅडम म्हणाल्या, "चौदाही कॉलेजचेच धरायला लागतात. मंगळवारी अकराला पुसायला सुरुवात होणार. त्याआधी आत न बघता तुमचा ओळखून दाखवा, घेऊन जावा." आणि त्यांनी तसं रजिस्टरात लिहूनही टाकलं.

परतीच्या बसमध्ये भीमरत्न संतापानं धुमसत होता. खरा संताप मॅडमचा नव्हता. त्यांच्या खुर्चीत आपण असतो तर शब्दन् शब्द हेच बोललो असतो, हे कळल्यामुळं तो जास्त चिडला होता.

रविवारी सकाळी घरात बैठक भरली. बोलावलं कुणी नव्हतं. चंद्रप्पा म्हणाले, "तुम्ही दसऱ्याला यंत्राची पूजा करत न्हाईसा, त्येचा ह्यो परिणाम. कुंकवाचा एक डाग असता, तर लांबनं वळखला असता."

"आप्पा," उपासना स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्यात पूजा न्हाय, पर त्या कॉलेजात दरवर्षी होत असणार की. मग तेरा डब्यांवर कुंकू, आन् ज्याच्यावर न्हाय तो आमचा!"

हे इतकं बिनतोड होतं की भीमरत्न चप्पल घालायला उठला. मग त्याला ओलं फडकं आठवलं. रंगाऱ्यांनी चौदाही डबे सारखेच निधर्मी करून ठेवले होते. तो परत बसला.

तेवढ्यात सोनमचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं, प्रत ठेवण्याबद्दल आठव्यांदा बोलली नाही, आणि त्याचंच भीमरत्नला जास्त लागलं.

"पप्पा, माझ्याकडं एक टूल आहे," ती म्हणाली. "मी आणि माझ्या मैत्रिणीनं केलंय. छोटंसं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की कॉम्प्युटर स्वतः कोण ते सांगतो. बोर्डाचा नंबर, नेटवर्क कार्डाचा पत्ता, एवढंच. फाइल एकसुद्धा उघडत नाही. पेनड्राइव्हवरून चालतं. आतल्या डिस्कला हातच लागत नाही."

"म्हणजे आत न बघता?"

"आत न बघता. तसं आमच्याकडं ते एआय एजंट चालवतो. आम्ही सांगायचं, तो वाचून सगळं करतो. पण त्याला इंटरनेट लागतं, आणि तुमच्या मॅडम ते जोडू देणार नाहीत."

"मग?"

"मग एजंटचं काम तुम्ही करा. त्याच्यासाठी लिहिलेलं माहितीपत्रक पाठवते. एजंटला कळतं, म्हणजे तुम्हाला कळायला हरकत नाही."

या शेवटच्या वाक्यात कौतुक आहे की अपमान, यावर भीमरत्न दुपारपर्यंत विचार करत होता.

सोमवारी त्यानं तो कागद कचेरीच्या प्रिंटरवर छापला आणि हातातलं काम संपवून घेऊ म्हणून पाच मिनिटं तिथंच ठेवला. ती पाच मिनिटं महागात पडली. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'एजंटांसाठी सूचना'. आणि कचेरीच्या दारावर गेली बारा वर्षं पाटी होती, की एजंटांना आत प्रवेश नाही. ती पाटी खुद्द भीमरत्ननंच रंगवून घेतली होती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पक्की झाली की भीमरत्न साहेबांनी निवृत्तीच्या आधीच विम्याची एजन्सी घेतली. शिपाई गुंडू पाण्याचा ग्लास ठेवताना हळूच म्हणाला, "साहेब, बाहेरच्याला कशाला द्यायची? माझी पॉलिसी तुमच्याकडनंच काढतो. फक्त वय दोन वरसं कमी लावा." वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावून सरकारी नोकरानं जोडधंदा करू नये, या विषयावर अगदी सौम्यपणे दहा मिनिटं घेतली. भीमरत्ननं सगळं खरं सांगितलं. कॉम्प्युटरला त्याचं नाव विचारण्याचं एक टूल असतं, ते एजंट चालवतो, तो एजंट माणूस नसतो, आणि उद्यापुरता तो मीच आहे. वरिष्ठांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "उद्याची रजा घेताय ना? घ्या. बरं वाटेल."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं तो कागद नीट वाचला. लाल पेन घेऊन वाचला. आणि वाचता वाचता त्याला गहिवरून आलं. अठ्ठावीस वर्षांत त्यानं परिपत्रकांचे ढीग वाचले होते. एकातही पहिल्या ओळीत काम काय ते सांगितलेलं नव्हतं. इथं सांगितलं होतं. 'हे टूल कॉम्प्युटरची ओळख सांगतं. ते काही बदलत नाही, काही उघडत नाही, बाहेर काही पाठवत नाही.' पुढं, 'एका यंत्रावर एकदाच चालवा.' पुढं, 'उत्तर रिकामं आलं तर रिकामं आहे असंच सांगा. मनानं भरू नका.' आणि मग, 'जवळपास जुळणं म्हणजे जुळणं नव्हे.' आणि शेवटी, 'खात्री नसेल तर मालकाला विचारा.'

"हे यंत्रासाठी लिहिलंय," तो उपासनाला म्हणाला. "माणसासाठी असं कुणी का लिहीत नाही?"

"माणूस वाचत न्हाय म्हणून," उपासना म्हणाली. "ती पोरगी सात वेळा सांगत हुती ते माणसालाच."

मंगळवारी नऊच्या आत तो वडगावात होता. अनुराधा मॅडम आल्या, बसल्या, आणि त्यांनी कागद मागितला. वरची ओळ वाचून चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही एजंट आहात?"

"आजच्यापुरता."

मॅडमनी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. मागांची खडखड चालू होती. जिनेंद्रनं दोनदा चहा मागवला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे लिहिणारा माणूस आमच्या ऑफिसात पाहिजे होता."

"माझी मुलगी आहे," भीमरत्न म्हणाला. गेल्या आठवड्याभरात त्यानं मान वर करून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मॅडमनी परवानगी दिली. अट एकच, त्या शेजारी बसणार, आणि पडद्यावर या कागदाबाहेरचं काही दिसलं की काम बंद.

पहिला डबा. सोनमनं पाठवलेलं टूल जिनेंद्रनं पेनड्राइव्हवर घेतलं होतं; तो त्यानं लावला, पडदा काळा झाला, कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करू लागली. भीमरत्ननं बाह्या वर केल्या आणि कागदातली ओळ अक्षर लावून टाइप केली. पडद्यावर भलतीच चिन्हं उमटली. कीबोर्डावरची अक्षरं वापरून पुसून गेली होती, म्हणून जिनेंद्रनं तिथं स्वतः कागदाचे तुकडे चिकटवले होते, आणि ते चिकटवताना त्याचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे असावं. दुसरा कीबोर्ड आला. पुन्हा टाइप केलं, बटण दाबलं.

बोर्डाच्या नंबरापुढं लिहून आलं, 'निर्मात्यानं भरावं'.

भीमरत्ननं ते बोट ठेवून पुन्हा वाचलं. "मॅडम," तो खोल आवाजात म्हणाला, "हा रकाना भरलेलाच नाही."

"म्हणजे कंपनीनं तसाच पाठवला?"

"तसाच. आणि पासही झाला."

त्या दोघांच्या चेहऱ्यांवर एकच दुःख उमटलं. जिनेंद्रला ते कळलं नाही. तो खाजगी धंद्यातला माणूस. दुसऱ्या डब्यातही तेच निघालं. तिसऱ्यातही. एवढ्या मोठ्या कंपनीनं रकाना न भरता माल बाहेर काढला होता, आणि आपण एका झेरॉक्सवरून माणसं परत पाठवतो, या विचारानं भीमरत्नचा सरकारवरचा नाही तरी स्वतःवरचा विश्वास जरा हलला.

उरला होता नेटवर्क कार्डाचा पत्ता. तो मात्र प्रत्येक डब्याचा वेगळा येत होता, बारा अक्षरांचा. पण आपला कुठला, हे कशावरून ठरवायचं? सव्वादहा वाजले होते. त्यानं सोनमला फोन लावला.

"घरच्या वायफायच्या डबीत यादी असते पप्पा," ती म्हणाली. "जे जे तिला जोडलं गेलं त्याचा पत्ता ती लिहून ठेवते. मम्मीची शाळा आज दुपारची आहे ना? ती घरीच असेल. मी तिला पान कसं उघडायचं ते सांगते."

दहा मिनिटांनी घरून फोन आला. पण पलीकडं आवाज चंद्रप्पांचा होता. "उपासनाचं बोलणं तुला त्या खडखडीत ऐकू यायचं न्हाय. ती वाचतीया, मी वरडतो. लिहून घे."

"थांबा आप्पा, बी आणि डी सारखं ऐकू येतं. गावांची नावं घेऊन सांगा."

"सांगतो की. पैला टीव्ही हाय, तो सोड. दुसरा उपासनाचा फोन. तिसरा..." आणि आवाज एकदम थांबला.

"काय झालं?"

"न्हाय, तिसरा सोड."

मागून उपासनाचा आवाज आला, "का सोडायचा? तिसऱ्यावर चंद्रप्पा असं लिहिलंय!"

 मग चंद्रप्पा नरमाईनं म्हणाले, "पासवर्ड तानीबाईनं दिलता. मी मागितला न्हवता. ती म्हटली, बसून सल्ला देतोयस, कायतरी घेऊन जा." आणि लगेच आवाज चढवून, "चौथा तुझा डबा! लिही. सी फॉर चिकोडी. आठ. ए फॉर अथणी. ई फॉर एकसंबा. चार. बी फॉर बोरगाव. डी फॉर धारवाड. एफ..."

"एफ फॉर काय?"

"एफ फॉर फर्टिलायझर! सात. शून्य. शेवटला जोड नऊ आन् बी. बोरगावचाच बी."

भीमरत्ननं ते लिहून घेतलं, मॅडमनी रजिस्टरच्या समासात लिहून घेतलं, आणि दोघांनी ताडून पाहिलं. मग रांग पुढं सुरू झाली. साडेदहा वाजून गेले होते. सहाव्या डब्याचा पत्ता आला, आणि जिनेंद्र ओरडला, "आला! सर, आला!"

चिकोडी, आठ, अथणी, एकसंबा... सगळं जुळत गेलं. शेवटचा जोड मात्र नऊ आणि आठ. नऊ आणि बी नव्हे.

"एका अक्षरानं काय होतंय सर," जिनेंद्र म्हणाला. "आठ आन् बी, दिसायला तर सारखेच. आप्पांनी चुकीचं वाचलं असंल."

भीमरत्नचा हात सहाव्या डब्यावर होता. घड्याळात अकराला पंचवीस मिनिटं कमी. त्याला तो डबा आपला वाटत होता. पण शनिवारी त्याला चौथाही वाटला होता, सातवाही, बारावाही. त्यानं हात काढून घेतला. "जवळपास जुळणं म्हणजे जुळणं नव्हे," तो म्हणाला. "पुढचा लावा."

सातवा नव्हे. आठवा, नववा नव्हे. दहाव्याच्या वेळी वीज गेली, आणि त्या पाच मिनिटांत वडगावचे सगळे माग एकदम थांबल्यामुळं भीमरत्नला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. वीज आली. दहावा नव्हे. अकरावा. पडद्यावर बारा अक्षरं उमटली. त्यानं एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं, मॅडमनी समासावर बोट ठेवत वाचलं, आणि दोघांची बोटं बोरगावच्या बीवर एकदमच थांबली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "उरलेले तीन पण बघा. चौदाही झाल्याशिवाय मी लिहिणार नाही." भीमरत्न मनापासून "बरोबर आहे" म्हणाला. उरलेले तीनही नव्हते.

मग निवेदन लिहायचं ठरलं. 'हा डबा माझाच आहे, अशी शंभर टक्के खात्री देतो' असं लिहून मोकळं व्हावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पण त्यानं जे होतं तेच लिहिलं. की बोर्डाचा नंबर चौदापैकी एकाही यंत्रात भरलेला आढळला नाही, नेटवर्क कार्डाचा पत्ता फक्त अकराव्या यंत्राचा माझ्या घरच्या नोंदीशी तंतोतंत जुळला, आणि याखेरीज माझ्याकडं दुसरा पुरावा नाही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "वीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "आपल्याकडं काय नाही ते लिहून देणारे तुम्ही पहिले." त्यांनी सही केली, शिक्का मारला. मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आता तो तुमचाच झाला. चालू करून बघा की. मला पण रात्री झोप यायला पाहिजे."

डबा चालू झाला. पडद्यावर एक फाइल होती, नाव 'आई'. भीमरत्ननं ती उघडली. पहिली ओळ होती, 'मी तानीबाई, वखारीत पहिल्या दिवशी गेले तेव्हा माझी उंची पाटीएवढी होती.' मॅडमनी ती वाचली आणि पुढचं वाचणं नियमात बसत नाही म्हणून तोंड दुसरीकडं वळवलं. भीमरत्नला वाटलं, त्यांनी चष्माही पुसला.

संध्याकाळी घरी डबा जागेवर बसला. सगळ्यात आधी, सोनमला फोनवर साक्षीला ठेवून, फाइलच्या तीन प्रती काढल्या गेल्या. चंद्रप्पा आले होते. नेहमीपेक्षा जरा कमी बोलत होते आणि मोबाइल खिशात ठेवून बसले होते. उपासनानं चहा केला. तानीबाई कॉटवर भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "एवढी पळापळ केलीस, तर आता वाचून तर दाखीव. काय काय सांगितलंय मी?"

भीमरत्न वाचू लागला. मनातून तो फार खूश होता. वाचत वाचत तो सत्तराव्या पानावर आला. भर उन्हाळ्यात तंबाखूचा धुरळा नाकातोंडात जात होता, बायका खोकून बेजार झाल्या होत्या, आणि मुकादम खिडक्या उघडू देत नव्हता. तेव्हा तानीबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं, पदर झटकला आणि सगळ्यांच्या आधी ती एकटी वखारीच्या दाराबाहेर चालत गेली. तिच्या मागून चाळीस बायका. तिसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या. हे पान भीमरत्नला तोंडपाठ होतं. सोनमच्या जुन्या शाळेत त्यानं ते भाषणात सांगितलं होतं, कचेरीत सांगितलं होतं, सासुरवाडीत तर तीनदा.

"थांब," तानीबाई म्हणाली.

तो थांबला.

"ते तसं न्हाय."

"काय तसं नाही?"

"पैल्यांदा मी न्हाय गेले. जयाबाई गेली." तानीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी बसूनच हुते. माझी छाती धडधडत हुती. कामावरनं काढलं तर तुला काय खायाला घालू? जया दारातनं वळून बघितली आन् म्हटली, 'तानी, येतीस का?' तवा उठले. माझ्या आधी धा-बारा जणी गेलत्या."

चंद्रप्पांनी कप खाली ठेवला. उपासना दारात उभी राहिली.

"मग आई, तू मला असं का सांगितलंस?"

"तू म्हटलास, पुस्तक हुणार. मला वाटलं, नात वाचणार त्या पुस्तकात आजी बसून हुती असं कशाला पायजे? जया बी आता न्हाय. कोण बोलायला येतंय." तिनं पदराचं टोक सोडलं. मग म्हणाली, "तू आठ दिस त्या डब्यापायी उपाशी फिरलास. त्या बाईला जे न्हाय ते न्हाय म्हणून लिहून दिलास, उपासनानं सांगितलं मला. मग मला बसवंना."

 भीमरत्नला भाषणं आठवली. सासुरवाडी आठवली. थोडा रागही आला. पण आईच्या छातीची ती धडधड त्याला त्याच दिवशी सकाळी वडगावात स्वतःच्या छातीत ऐकू आली होती. म्हणून तो राग टिकला नाही.

"जयाबाईचं आडनाव काय?" त्यानं कीबोर्ड जवळ ओढला.

"आडनाव कुणाला ठाव? तिची लेक हिंडलग्याला दिलीया. रवळू म्हणून कुणाच्या तरी घरात. तिला इचारलं पायजे. आन् आईनं काय केलतं ते तिला कुणी सांगितलं बी नसंल. उद्या जाऊ."

"उद्या? आई, मी आठ दिवसांत दोन रजा घेतल्यात. वरिष्ठांना वाटतंय माझं डोकं फिरलंय."

"मग तिसरी घे. फिरलेल्या माणसाला रजा मिळती."

चंद्रप्पांना राहवलं नाही. हिंडलग्याला कुठल्या फाट्यावर उतरायचं, कुणाला विचारायचं आणि कुणाला मुळीच विचारायचं नाही, हे त्यांनी सविस्तर सांगायला घेतलं. ते बोलत असतानाच भीमरत्ननं कोरा कागद घेतला आणि कन्नडमध्ये अर्ज लिहायला बसला. तारीख टाकली, रजेचा दिवस टाकला. मग 'कारण' आलं. अठ्ठावीस वर्षं तिथं तो डोळे मिटून 'घरगुती काम' असं लिहीत आला होता. या वेळी त्यानं पेन थांबवलं, कॉटवरच्या आईकडं पाहिलं आणि लिहिलं, 'आईसोबत एका बाईचं नाव विचारायला जाणे आहे.'